उंबरखिंड, महाड आणि परतीची वाट

उंबरखिंड आपल्या खालापूर तालुक्यात आहे. चावणी गावाच्या हद्दीत, अंबा नदीच्या काठाला. तिथं स्मारक आहे. दरवर्षी २ फेब्रुवारीला झेंडे लागतात, ढोल वाजतात, भाषणं होतात. आपली पोरं तिकडं फिरकत नाहीत. म्हणतात, ते त्यांचं. आणि १ जानेवारीला आपण कोरेगावला निघतो तेव्हा ती पोरं म्हणतात, हे यांचं. पूर्वी पाणवठे वाटून घेतले होते, आता लढाया वाटून घेतल्यात. मला या वाटणीचा संताप येतो. शिकायला मिळत असेल तर लढाई कुणाची का असेना, मी ती शिकून घेणार. बाबासाहेबांनी जगातली कुठलीही विद्या परक्याची म्हणून टाकून दिली नाही.

दोस्तहो, आपल्या शिबिरांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. वंदना होते, बौद्धिक होतं, पोटभर भाषणं होतात, रात्री गाणी. मागच्या मोर्चात काय चुकलं, कोण कुठं अडकला, कुणाकडं निरोप पोचला नाही, यावर तासभर बसून बोललेलं मी एकाही शिबिरात ऐकलं नाही. शहिदाचं नाव घेतात, त्याचा फोटो लावतात. तो कशामुळं सापडला हे कुणी विचारत नाही. विचारलं तर लोकांना वाटतं, हा पोरगा शहिदाचा अपमान करतोय. जगातल्या सगळ्या चांगल्या फौजा हेच विचारतात. लढाई संपली की बसतात आणि उघडं बोलतात: काय ठरलं होतं, काय झालं, पुढच्या तुकडीला काय सांगायचं. आपल्या मुलखातल्या तीनचार लढाया घेऊन मला ते इथं करून बघायचं आहे.

आधी उंबरखिंडीत घडलं काय ते सरळ सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकात ही लढाई दोन ओळींत संपते.

मे १६६० मध्ये शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. चाकणचा भुईकोट त्याने घेतला, पण त्या एवढ्याशा किल्ल्यासाठी त्याचे पन्नासच्या वर दिवस गेले आणि माणसं लई मेली. त्यातून तो एक गोष्ट शिकला: किल्ल्यांवर डोकं आपटत बसायचं नाही. मग त्याने ठरवलं की सह्याद्री उतरून कोकण घ्यायचं, कल्याण, भिवंडी, पनवेल, चौल हा पट्टा. शिकला खरा, पण अर्धंच. किल्ला टाळायचा हे कळलं, किल्ल्याच्या खालचं रान काय असतं ते कळलं नाही.

फौजेचा म्होरक्या केला कारतलबखान उझबेकाला. बरोबर माहूरची रायबागन, आणि कछप, चव्हाण, गाढे, कोकाटे, जाधव असे सरदार. हिंदूची फौज इकडं आणि मुसलमानाची तिकडं असं चित्र रंगवून जे आपल्या वस्तीत पोरं गोळा करायला येतात त्यांना ही नावं मोजून दाखवा.

फौज पुण्याहून निघाली. चिंचवड, तळेगाव, वडगाव, मळवली करत लोणावळ्याच्या अंगाला आली. बोरघाटाची राबती वाट खानाने सोडली आणि दक्षिणेला कुरवंड्याची आडवाट धरली. त्याच्या हिशेबाने ही हुशारी होती, या वाटेने आपण येऊ असं कुणाला वाटणार नाही. आज तुम्ही कुरवंड्याकडे गेलात तर त्याच बाजूला आय.एन.एस. शिवाजी लागते. नौदलाच्या माणसांना इंजिनांचं शिक्षण देणारी ती संस्था आहे, १९४५ पासूनची. माथ्यावर फौजी शाळा आणि पायथ्याला एवढा मोठा फौजी धडा, असा तो डोंगर.

कुरवंड्याचा घाट उतरला की चावणीची बाजू येते आणि मग नदीकाठची चिंचोळी वाट. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरावर झाडी. खिंडीची एक गंमत असते, तुमची फौज किती मोठी आहे ते तिला कळत नाही. मैदानात दहा हजार माणसं म्हंजे दहा हजार. खिंडीत ती एका मागं एक लागलेली दोन-तीन माणसं असतात. पुढच्याला मागं काय झालं ते दिसत नाही, मागच्याला पुढचा का थांबला ते कळत नाही. त्यात तोफा, हत्तीघोडे, बाजारबुणगे. जेवढं सामान जास्त तेवढी शेपटी लांब.

शिवाजीराजांच्या माणसांनी सगळी फौज आत येऊ दिली. हे लिहायला सोपं आहे. झाडीत बसलेल्या माणसाला खाली शत्रू दिसतोय, हातात बाण आहे, बंदूक आहे, आणि तो मारत नाही, कारण अजून खूण झालेली नाही. मला विचाराल तर त्या दिवशीची खरी मर्दुमकी ती होती. तलवार गाजवणं पुढचं. ज्या फौजेत एकाचाही हात शिवशिवला असता तिथं खानाची निम्मी फौज वर कुरवंड्याला परत गेली असती.

फौज आत आली, पुढचं तोंड आणि मागची वाट बंद झाली, आणि मग वरून मारा सुरू झाला. बाण, गोळ्या, दगड. तारीख २ फेब्रुवारी १६६१. झाडीत वारा नाही, फौजेला पाणी नाही. 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदाने ही लढाई संस्कृतात लिहून ठेवली आहे, त्याच्या गोष्टीत मोगल फौज तहानेनं कासावीस झालेली दिसते.

आणि त्याच गोष्टीत रायबागन बोलते. भर रणात ती कारतलबखानाला सांगते की फौज या रानात आणून घातली हीच चूक झाली, आता राजांकडे शरण जाऊन माणसं वाचव. हरत असलेल्या फौजेत बाईनं सेनापतीला तोंडावर हे सांगावं, आणि त्याने ते ऐकावं. सेनापती म्हणून खानाची एवढी एक गोष्ट मी चांगली मानतो. ऐकलं म्हणून त्याची माणसं जगली. खंडणी आणि सामानसुमान देऊन त्याला परत जाऊ दिलं. राजांनीही शरण आलेल्याची कत्तल केली नाही. पुढं मोगलांवर नजर ठेवायला नेताजी पालकरांना मागं ठेवलं आणि स्वतः दक्षिण कोकणात दाभोळ, राजापूरकडे निघून गेले. एका विजयावर हार घालून घेत बसले नाहीत.

नेताजी पालकर आपल्याच तालुक्यातल्या चौकचे, असं सगळे सांगतात. चौकच्या माणसाला कुरवंड्याखालचं रान सांगावं लागत नाही. पण नेताजींच्या खाली जी माणसं होती, ज्यांनी कुठली झाडी दाट आहे, कुठल्या दगडाआडून वाट दिसते, कुठं पाणी आहे आणि कुठं आटतं हे सांगितलं, ती कोण? किल्ल्याच्या घेऱ्यात, मेटांवर, रात्रंदिवस डोळे लावून बसायचं काम महार, मांग, रामोशी, कोळी यांच्याकडं असे, हे इतिहासकारांनी लिहिलेलं आहे. रान ठाकर-कातकऱ्यांच्या पायाखालचं. लढाईची निम्मी विद्या ही या माणसांची. पोवाड्यात मात्र तलवार येते, वाट सांगणारा येत नाही.

बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे, तुम्ही बघितलं असेल. ड्रायव्हर लोक जाता जाता तिथं पैसा टाकतात. लोक सांगतात, इंग्रजाला घाटाची वाट सापडत नव्हती, शिंगरोबा धनगराने आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून ती दाखवली. वाट दाखवून झाल्यावर बक्षीस काय हवं विचारलं तर तो म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. आणि गोऱ्याने त्याला गोळी घातली. ही दंतकथा आहे. पण घाटातल्या लोकांनी ती धरून ठेवली, कारण त्यांना त्यातलं मर्म ठाऊक आहे. विद्या काढून घ्यायची आणि विद्यावाल्याला संपवायचं. घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. इंजिनियरांची नावं कागदोपत्री आहेत. धनगराला दगडाचं देऊळ मिळालं.

आता उंबरखिंडीतून एक गोष्ट अशी निघते जी पोवाडेवाले कधीच सांगणार नाहीत. शत्रूही शिकतो. १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं गेली तोवर मोगल शिकले नव्हते. मग १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आला, आणि तो सगळं शिकून आला होता. त्याने रानात शेपटी लांबवली नाही. राजांचे जेवढे शत्रू होते तेवढे आपल्याकडं वळवायचा खटाटोप केला, माणसं फोडायला पैसा लावला, एका पुरंदरावर सगळा जोर घातला आणि त्याच वेळी तुकड्या पाठवून आजूबाजूची गावं जाळली, म्हंजे किल्ल्यावरच्या शिबंदीला खालून दाणागोटा आणि बातमी मिळू नये. जून १६६५ मध्ये तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. गेलेल्या तेवीसांत खालापूर तालुक्यातला रसायनीजवळचा माणिकगडही होता. उंबरखिंडीनंतर चार वर्षांत! तेवीस किल्ले देणारे राजे आणि उंबरखिंड जिंकणारे राजे एकच आहेत. कधी सोडायचं ते कळलं म्हणून पुढं सगळं परत मिळवता आलं.

मी रोलिंग मिलमध्ये काम करतो. पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला दोन मिनिटं काहीतरी सांगतो: आज अमुक रोल गरम होतोय, तिथं उभा राहू नको, सळई उसळतीय. हे कुठल्या रजिस्टरात नसतं. पण लालभडक सळई कधी रुळातून बाहेर उसळली तर ज्याला ते सांगितलेलं असतं तो वाचतो. फौजेतली सगळी शाळा म्हंजे ही दोन मिनिटं मोठी केलेली. जुना शिपाई नव्याला सांगतो. ती साखळी तुटली की पुढच्याला सगळं पहिल्यापासून, आपल्या रक्तानं शिकावं लागतं.

आपली साखळी तोडली गेली. आपले आजेपणजे कुलाबा-रत्नागिरीतून इंग्रजांच्या मुंबई फौजेत गेले. त्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. गावात ज्याला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नसतं त्याला पलटणीत लिहायला, वाचायला, कवायत करायला, हुकूम द्यायला शिकवलं. रामजी सकपाळ सुभेदार होते आणि फौजेच्या शाळेत मास्तर होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून पेन्शनीत आले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळविध्वंसक' लिहिलं. पलटणीतून आलेला माणूस गावात गप्प बसू शकत नव्हता, कारण त्याने दुसऱ्या प्रकारची रांग पाहिली होती, जिच्यात जागा हुद्द्यावर ठरते. मग १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली, गरज संपली तशी १९२१ मध्ये मोडली. पुढं १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली ती बाबासाहेबांनी सरकारचा पिच्छा पुरवला म्हणून. मधल्या पन्नास वर्षांत फौजी विद्या जिवंत राहिली ती पेन्शनर म्हाताऱ्यांच्या डोक्यात. आणि ती उपयोगाला आली १९२७ मध्ये, महाडला.

चावणीच्या खिंडीतली अंबा नदी पुढं नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते. हे धरमतर लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

१९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद, चवदार तळ्यावर गेलेली रांग, ओंजळीनं प्यालेलं पाणी, हे आपल्याला तोंडपाठ आहे. मला त्यानंतरच्या दोन तासांबद्दल बोलायचं आहे. तळ्यावर जाताना रांग होती, हजारो माणसं एका ठिकाणी होती, कुणाची छाती झाली नाही. पाणी पिऊन लोक मंडपाकडे परतले आणि विखुरले. कुणी जेवत होतं, कुणी गाठोडं बांधत होतं, कुणी दोघंचौघं मिळून बाजारातून चालले होते. तेवढ्यात गावात आवई उठवली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. आणि काठ्या घेऊन जमाव आला. मारलं कुणाला? रांगेतल्यांना नाही. मंडपात उरलेल्यांना, रस्त्यात एकटंदुकटं सापडलेल्यांना. बायापोरांनाही. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. आणि आसपासच्या गावांना निरोप गेले: परत येतील तेव्हा बघून घ्या.

कळतंय का दोस्तहो? ही खिंड आहे. आपली फौज खिंडीत शिरून लांबली होती, आणि ती खिंड म्हंजे घरी जायची वाट.

बाबासाहेब डाकबंगल्यावर होते. तिथं शंभरेक माणसं जमली होती, त्यात पलटणीत नोकरी केलेले होते, ज्यांचे हात खरोखर चालले असते. ते हुकूम मागत होते. बाबासाहेबांनी दिला नाही. उंबरखिंडीच्या झाडीत बाण न सोडता बसलेल्या माणसाबद्दल मी वर लिहिलं. महाडच्या बंगल्यात बसलेला तो पेन्शनर शिपाई त्याहून अवघड जागी होता, कारण त्याला खूण होणारच नव्हती. त्या दिवशी हात उचलला असता तर गुन्हेगार आपण ठरलो असतो आणि गावोगाव परतणाऱ्या माणसांवर त्याचा सूड निघाला असता. हल्लेखोरांपैकी काहींना पुढं कोर्टाने चार-चार महिने सजा दिली. हे पाऊल कवीला आवडत नाही. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा आवडलं नव्हतं, मुठी वळल्या होत्या. आता मला त्यात सेनापती दिसतो.

पण खरं शिकण्यासारखं पुढचं आहे. बाबासाहेब महाडातच थांबले, माहिती गोळा केली. एप्रिलपासून 'बहिष्कृत भारत' सुरू केलं आणि त्यात महाडची सगळी चर्चा मांडली. पाक्षिक म्हंजे तेव्हाची ती पाळी-बदलाची दोन मिनिटं, गावोगाव पोचलेली. आणि डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेची तयारी बघा. मार्चमध्ये जे जे नडलं ते एकेक धरून बंद केलेलं दिसतं.

गावात जागा मिळेना, तर एका मुसलमान मालकाची जमीन मिळवली. व्यापारी माल देणार नाहीत हे धरून चालले, आणि दहा दिवस पुरेल एवढं धान्य-सामान बाहेरून आणलं. उंबरखिंडीत फौज तहानेनं मेली होती, इथं कुणी उपाशी राहून गावाच्या दुकानासमोर उभा राहणार नव्हता. शिस्तीचं आणि बंदोबस्ताचं काम पलटणीतल्या निवृत्त माणसांकडे. सत्याग्रहात उतरायला तयार असलेल्यांची नावं लिहून घेतली, ती जवळजवळ चार हजार भरली. येईल तो आला, गेला तो गेला, असं मार्चसारखं राहिलं नाही. आणि वाट! मुंबईहून महाडला जायची नेहमीची वाट धरमतरवरून, पुढं मोटारीने. बाबासाहेबांनी ती सोडली. मोटारवाल्यांनी ऐनवेळी बसू दिलं नाही तर धरमतरपासून पन्नासेक मैल चालावं लागलं असतं, लांबलेल्या रांगेनं, गावागावांतून. म्हणून लांबचा समुद्राचा फेरा घेऊन 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरायचं ठरलं. दासगावहून महाड पाच मैल. पाच मैल माणसं रांग न मोडता, बायापोरं मध्ये घेऊन चालू शकतात.

पन्नास आणि पाच. माझ्या वहीत हे दोन आकडे मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेत. मनुस्मृती जाळली ते सगळ्यांना माहीत आहे, आणि जाळायलाच हवी होती. पण २५ डिसेंबर १९२७ च्या दुपारी दासगावच्या धक्क्यावर हजारोंनी वाट बघत असलेली माणसं आणि बोटीतून उतरलेली माणसं एक होऊन महाडपर्यंत चालत गेली, एकही माणूस एकटा न पडता, हे कुणी भाषणात सांगत नाही. ही रांग आखणाऱ्या डोक्यांत या मुलखातली माणसं होती, महाड परिषदेची जुळवाजुळव करणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे त्यातले. त्यांनी महाडच्या बाजारात आपल्या लोकांसाठी चहाचं दुकान काढलं होतं. चहाचं दुकान म्हंजे बातमीचं ठाणं, हे फौजी माणसाला समजावून सांगायला नको.

शत्रू शिकतो म्हणालो ना? महाडचे सवर्णही शिकले होते. मार्चमध्ये काठ्या आणल्या, डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आणला. तळं खाजगी आहे म्हणून दावा, आणि परिषदेच्या दहा-बारा दिवस आधी तात्पुरती मनाई. म्हंजे आता तळ्यावर गेलो तर भांडण गावाशी राहणार नाही, सरकारशी होईल. कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलला. पोरं ऐकायला तयार नव्हती, तुरुंगात जाऊ म्हणत होती. शेवटी सत्याग्रह तहकूब करायचा ठराव झाला आणि लोकांनी शहरातून, तळ्याला वळसा घालून, शिस्तीत मिरवणूक काढली. दावा चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने लागला. दहा वर्षं. पुरंदरच्या तहाची आठवण मला इथं होते, तुम्हाला नाही झाली तर सोडून द्या. समता सैनिक दल उभं राहिलं ते या एका वर्षातल्या अनुभवातून.

आता कर्जतकडे. माथेरानचे भाई कोतवाल, नाभिक समाजात जन्मलेले, वकिली शिकलेले. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा चालवल्या. १९४२ मध्ये त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली. का मनोरे? टाटांची वीज खोपोलीत १९१५ पासून आणि भिवपुरीत १९२२ पासून तयार होत होती, आणि त्याच तारांवर मुंबईच्या गिरण्या चालत होत्या. कर्जतच्या रानात एक मनोरा पडला की मुंबईत साचे थांबायचे. मूठभर माणसांनी शत्रूची नस शोधावी ती अशी. इथपर्यंत ती उंबरखिंडीचीच विद्या होती.

मग दस्ता सिद्धगडच्या रानात मुक्कामाला गेला. मुरबाडच्या हद्दीत. दबा धरणारी तुकडी चालती असते तोवर ती शिकारी. मुक्काम केला, निरोपाची ये-जा सुरू झाली, की तिची शिकार होते. फितुरीनं जागा कळली आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाचा पोलीस अधिकारी शिपाई घेऊन चढला. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथंच पडले. दरवर्षी त्या पहाटे लोक सिद्धगडला जातात, मीही गेलो आहे. हुतात्म्यांना वाकून नमस्कार केला, आणि मनात विचारलं: पहारा कुठं होता? दुसरी जागा ठरली होती का? निरोप नेणारा किती जणांना ठाऊक होता? हे विचारणं म्हंजे त्यांच्यावर बोट दाखवणं नाही. त्यांना इंग्रजांची पलटण शिकवायला आली नव्हती, कुणी पेन्शनर सुभेदार त्यांच्याजवळ नव्हता, ते सगळं पहिल्यापासून शिकत होते.

आणि आपण? आपल्याकडं तर महाड होतं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत विधिमंडळात झाला. पेढे शहरात वाटले, आग खेड्यांत लागली. ज्या वस्तीत आपली दहा-पंधरा घरं, तिच्यावर जमाव गेला. मार्च १९२७ चंच ते मोठं रूप होतं: मोठ्या ठिकाणी आपण जिंकतो, सूड विखुरलेल्यावर निघतो. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाला दोनशे वर्षं झाली म्हणून आपला समाज लोटला. दगड कुठं पडले? जिथं लाखांची गर्दी होती त्या स्तंभापाशी नाही. सणसवाडीच्या बाजूला, रस्त्यावर, सुट्या गाड्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांवर. एक्याण्णव वर्षांनी तीच खिंड. मानवंदना ठरलेली होती. किती गाड्यांनी एकत्र निघायचं, कुठं थांबायचं, कुठून परतायचं, हे बहुतेक वस्त्यांत कुणी ठरवलंच नव्हतं. कोरेगावला १८१८ मध्ये शिरूरहून रात्रभर चालत आलेली पलटण दिवसभर पाण्याविना गाव धरून लढली, हे आपण अभिमानानं सांगतो. कशी लढली, भिंतींचा आडोसा कसा घेतला, हे किती जणांनी वाचलंय?

पोलिसांचं काम पोलिसांनी करावं, ते केलं नाही तर जाब विचारावा, हे आहेच. मी काठ्या घ्या म्हणत नाही. महाडात बाबासाहेबांनी काठी न घेता सगळी फौजी विद्या वापरली, रसद, वाट, नावनिशी, खूण, बातमी. तेवढीच मला हवी आहे.

म्हणून कर्जत-खालापूरच्या साथींपुढं एक गोष्ट मांडतो. पुढचं शिबिर हॉलमध्ये नको. लोणावळ्याहून कुरवंड्याला जाऊ आणि खानाच्या वाटेने चालत खाली चावणीला उतरू. वीस-पंचवीस जण पुरे, बायाही हव्यात. एक टोळी आधी जाऊन झाडीत बसेल आणि बाकीच्यांना मोजेल, कोण कुणापासून किती अंतरावर सुटलं ते लिहून ठेवेल. खाली नदीकाठी बसून ते वाचायचं, कुणी रागवायचं नाही. मग तिथंच मार्च आणि डिसेंबर १९२७ चं महाड समोरासमोर ठेवून बोलायचं. चावणीतल्या आणि आसपासच्या ठाकरवाडीतल्या म्हाताऱ्यांना आधी निरोप देऊ, वाट त्यांना विचारायची आणि त्यांचं नाव वहीत लिहायचं. पाऊस संपल्यावर, शेतं कापून झाली की एखादा रविवार धरू. पाणी ज्याचं त्याने घ्यायचं, खिंडीत मिळेल म्हणून कुणी रिकाम्या हाताने येऊ नये.